फुफीचे घर

रमजानची तीन तारीख अनेक मुस्लिम घरांत पैगंबरकन्या हजरत फातिमा यांच्या स्मरणाची म्हणून लक्षात ठेवली जाते. हिजरी १०९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६८१ च्या सप्टेंबरात, याच तारखेला दिल्लीत एका ६७ वर्षांच्या वृद्धेचे निधन झाले. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हते. तिचे लग्नच झाले नव्हते. बातमी तिच्या धाकट्या भावाला प्रवासात मिळाली. तो तेव्हा अजमेरहून दख्खनच्या वाटेला लागला होता. त्याने तीन दिवस नौबत बंद ठेवण्याचा हुकूम दिला. भावाचे नाव औरंगजेब, बहिणीचे नाव जहांआरा.

मोगलांचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक लढायांचा. त्यात जहांआरा येते ती शहाजहानची लाडकी लेक म्हणून, आणि बाप गेल्यावर दिसेनाशी होते. पण तिच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. लग्न न झालेली घरातली थोरली मुलगी, ही ती बाजू. अशी एक बाई आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक आळीत असते. मुस्लिम घरात ती फुफी किंवा खाला, शेजारच्या घरात ती आत्या किंवा मावशी. सहरीला सर्वांच्या आधी तीच उठते, इफ्तारची फळे तीच चिरते, भाचरांच्या तापात रात्र तीच जागून काढते. ती म्हातारी झाली की मात्र तिचे कसे करायचे, हा विषय भावंडांत दबक्या आवाजात निघतो. हल्ली माणसे जास्त जगतात, घरे लहान झाली आहेत, त्यामुळे तो वारंवार निघतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही शाहजादी त्या प्रश्नाबद्दल काही सांगून जाते, म्हणून आज तिची कहाणी.

जहांआराचा जन्म १६१४ चा, अजमेरचा. आजोबा जहांगीर तेव्हा अजमेरला मुक्कामाला होते आणि वडील, त्या वेळचे शाहजादे खुर्रम, मेवाडच्या मोहिमेवर होते. मुमताज महलच्या जगलेल्या मुलांत ती सर्वांत मोठी. तिच्या पाठीवर दारा शुकोह, शाह शुजा, रोशनआरा, औरंगजेब, मुराद अशी भावंडे. तिला शिकवायला सत्ती-उन-निसा नावाच्या इराणी विदुषी होत्या. तालिब आमुली या प्रसिद्ध फारसी कवीची ही बहीण. कुराण, फारसी वाङ्मय, हिशेब, घरकारभार हे सगळे जहांआरा त्यांच्याकडून शिकली. शाही घराण्यातली मुलगी म्हणून एवढे शिक्षण मिळाले, पण ते उपयोगात आणायची वेळ फार लवकर आली.

ती वेळ आली बुऱ्हाणपुरात. रावेरच्या पुढे, तापीकाठचे हे गाव आपल्या खानदेशाला लागूनच आहे. १६३१ च्या जूनमध्ये शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तिथे तळ देऊन होता. मुमताज महल आपल्या चौदाव्या बाळंतपणात तिथेच वारली. मुलगी जगली, तिचे नाव गौहरआरा. जहांआरा तेव्हा सतरा वर्षांची होती. नुकतीच जन्मलेली बहीण, लहानमोठे भाऊ आणि दुःखाने खचलेला बाप हे सगळे एका दिवसात तिच्या पदरात आले. आपल्याकडे आई गेल्यावर थोरलीचे लग्न पुढे ढकलतात आणि मग ते राहूनच जाते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना पुढचे वेगळे सांगायला नको.

पण इथे एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मुमताजची मालमत्ता एक कोटी रुपयांहून अधिक होती. शहाजहानने त्यातली निम्मी जहांआराला दिली आणि उरलेली निम्मी बाकीच्या मुलांत वाटली. तिचा सालाचा तनखा सहा लाखांवरून दहा लाख केला. शाही मोहोर तिच्या हवाली केली. तिला बेगमसाहिब म्हणू लागले. अंगावर जबाबदारी टाकली, तशी ती पेलण्याची साधनेही दिली. दोनच वर्षांनी, १६३३ मध्ये, आईने ठरवून ठेवलेले दाराचे लग्न नादिरा बानूशी झाले. त्या लग्नाला बत्तीस लाख रुपये खर्च आला असे नोंदलेले आहे. त्यातले सोळा लाख बहिणीने आपल्या खजिन्यातून दिले.

तिचे स्वतःचे लग्न का झाले नाही? अकबराने शाहजाद्यांच्या लग्नाला बंदी केली होती असे सांगण्याची पद्धत आहे. ती गोष्ट खरी धरता येत नाही, कारण अकबराच्या स्वतःच्या मुलींची लग्ने झाली होती. खरे कारण गादीच्या हिशेबात असावे. बादशहाचा जावई म्हणजे तख्ताचा आणखी एक दावेदार, आणि त्याची मुले म्हणजे आणखी काही. मुमताजच्या तीन मुली वाढल्या आणि तिघीही अविवाहित राहिल्या. घराण्याच्या सोयीसाठी मुलीचे लग्न राहते, हे फक्त महालातच घडते असे नाही. कुणाच्या घरी भावांची शिक्षणे व्हायची असतात, कुणाकडे म्हाताऱ्या आईला पाहायला माणूस नसते, कुणाची एकुलती मिळवती तीच असते.

लग्न न झालेल्या बाईबद्दल लोक बोलतात, तसे तिच्याबद्दलही बोलले. फ्रेंच प्रवासी बर्निये याने बाजारात ऐकलेल्या गलिच्छ कुजबुजी आपल्या पुस्तकात उतरवल्या. पुढे दोन-तीनशे वर्षे त्याच पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. त्याच काळात हिंदुस्थानात राहिलेल्या इटालियन मनुचीने, जो स्वतः गप्पांचा मोठा शौकीन होता, बर्नियेचे ते बोलणे खोटे म्हणून झिडकारले. बापाची सेवा करणारी लेक आणि तिच्यावर विश्वास टाकणारा बाप, एवढे साधे नातेही जगाला पचले नाही.

ती आपल्या कामात राहिली. अजमेरचे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्यावर तिची श्रद्धा होती. त्यांचे आणि त्यांच्या शिष्यपरंपरेचे चरित्र तिने फारसीत लिहिले. त्याचे नाव मूनिस-उल-अरवाह. हे पुस्तक तिने हिजरी १०४९ च्या रमजानमध्ये, सत्ताविसाव्या रोजाला पूर्ण केले. इसवी सनाप्रमाणे ते १६४० चे जानेवारी, आणि तिचे वय पंचवीस. पुढे काश्मीरमध्ये ती आणि दारा दोघेही कादिरी परंपरेतल्या मुल्लाशाह बदख्शी यांचे शिष्य झाले. आपल्या या आध्यात्मिक वाटचालीवरही तिने एक छोटे पुस्तक लिहिले. त्यानंतरच्या एका रमजानमध्ये ती अजमेरला जाऊन आली. तिथल्या दर्ग्यातले बेगमी दालान तिचेच.

सुरत बंदराचे उत्पन्न तिच्याकडे होते आणि साहिबी नावाचे तिचे स्वतःचे जहाज होते. ते माल नेई, हज यात्रेकरूंना नेई, आणि मक्केतल्या गोरगरिबांसाठी दरवर्षी त्यातून तांदूळ पाठवावा अशी तिची व्यवस्था होती. आग्र्याची जामा मशीद तिने बांधवली. १६४८ मध्ये ती पूर्ण झाली आणि तिला पाच लाख रुपये लागले. दिल्लीत शहाजहानाबाद वसले तेव्हा तिथला चांदणी चौक तिच्या पुढाकाराने १६५० च्या सुमारास उभा राहिला. मधोमध पाण्याचा कालवा, दुतर्फा दुकाने, बाजूला बाग, हमामखाना आणि परगावच्या व्यापाऱ्यांसाठी प्रशस्त सराई. ती सराई १८५७ नंतर इंग्रजांनी पाडली आणि त्या जागी टाऊन हॉल बांधला. पण दिल्लीला गेलेला आपल्या गावचा माणूस आजही जिलेबी खायला आणि साड्या घ्यायला जिथे जातो, तो बाजार या अविवाहित बाईने वसवलेला आहे.

१६४४ मध्ये एका अपघाताने तिचे आयुष्य बदलले. महालात चालताना तिचा झिरझिरीत पोशाख दिव्यावर गेला आणि भडकला. वाचवायला धावलेल्या दासी भाजल्या आणि त्यांतल्या दोघी दगावल्या. जहांआरा कित्येक महिने अंथरुणावर होती. शहाजहान स्वतः तिच्या उशाशी बसे, औषध देई आणि रोज तिच्या नावाने दानधर्म करी. वर्षअखेरीस ती बरी झाली तेव्हा मोठा उत्सव झाला. बापाने लेकीसाठी काढलेल्या त्या रात्री लेक विसरली नाही.

त्याची परतफेड चौदा वर्षांनी झाली. १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडला आणि चारही भाऊ तख्तासाठी एकमेकांवर उठले. बहिणींतही दोन बाजू झाल्या. रोशनआरा औरंगजेबाकडे गेली, जहांआरा बाप आणि दाराच्या बाजूला राहिली. १६५८ च्या जूनमध्ये औरंगजेबाने आग्रा वेढले तेव्हा ती स्वतः त्याच्या छावणीत गेली. चौघा भावांत राज्य वाटून घ्या आणि रक्तपात थांबवा, असा तिचा प्रस्ताव होता. थोरली बहीण धाकट्यांची भांडणे मिटवायला जाते, तशीच ती गेली होती. औरंगजेबाने ऐकले नाही. शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात नजरकैदेत पडला. पुढच्याच वर्षी दारा मारला गेला. शुजा परागंदा झाला, मुरादलाही देहदंड झाला.

जहांआराला बाहेर राहता आले असते. चव्वेचाळीस वर्षांची, स्वतःच्या मिळकतीची मालकीण. तिने बापाबरोबर किल्ल्यात राहणे पत्करले. साडेसात वर्षे ती तिथे राहिली. १६६६ च्या सुरुवातीला शहाजहान वारला तेव्हा उशाशी तीच होती. आपल्या शहरांतही म्हाताऱ्या आईबापांचे शेवटचे दिवस बहुधा घरातली अविवाहित लेकच काढते. तिला नोकरी सोडावी लागते, पेन्शन बुडते, आणि आईबाप गेल्यावर तिचे वय पन्नाशीच्या पुढे गेलेले असते.

जहांआरा त्या वेळी बावन्नची होत होती. आता तिचे काय होणार? भाऊ तिच्या विरोधात होता, लाडका दारा गेला होता. इथे तिच्या हाताशी असलेले दोन आधार कामी आले. एक म्हणजे तिने आयुष्यभर सर्वांसाठी केलेले. दुसरा म्हणजे तिची स्वतःची मिळकत. बाप गेल्यावर औरंगजेब आग्र्याला आला, बहिणीला भेटला, तिला पुन्हा राज्यातल्या पहिल्या स्त्रीचा मान दिला आणि तनखा वाढवून सतरा लाख केला. दिल्लीत ती किल्ल्यातल्या जनानखान्यात राहिली नाही. शहरातली अली मर्दान खानाची हवेली तिला मिळाली. तिथे तिचे स्वतःचे घर उभे राहिले, स्वतःची माणसे आणि स्वतःचा शिधा.

त्या घरात पोरही होते. दाराची मुलगी जानी बेगम पोरकी झाली तेव्हा तिला जहांआराने जवळ घेतले आणि वाढवले. १६६९ मध्ये या पुतणीचे लग्न औरंगजेबाच्या मुलाशी, आझमशी झाले. फुफीने त्या लग्नाचा सगळा सोहळा आपल्या अंगावर घेतला. पुढे दाराचा मुलगा सिपिहर शुकोह आणि मुरादचा मुलगा इजद बख्श यांचीही लग्ने औरंगजेबाच्या मुलींशी झाली. भावांनी एकमेकांचे गळे कापले होते आणि त्यांची मुले आता एकमेकांच्या घरात नांदू लागली. ही दुभंगलेली घरे पुन्हा जवळ आणण्यात दाराची लेक वाढवणाऱ्या या बाईचा वाटा किती असेल, हे कुणालाही कळेल.

ती कुणी संतबाई नव्हती, हेही सांगायला हवे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली, तेव्हा त्या बंदराच्या उत्पन्नात तिचा हितसंबंध होता. १६६६ मध्ये महाराज आग्र्यात असताना त्यांच्याविरुद्ध बादशहाचे कान भरणाऱ्यांत बेगमसाहिबही होत्या, असे त्या वेळच्या राजस्थानी पत्रांवरून दिसते. आपली मिळकत जपणारी, आपले मत बोलून दाखवणारी ती बाई होती. भावालाही ती बोलत असे. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लागू झाला तेव्हा तो मागे घ्यावा म्हणून तिने औरंगजेबाची मनधरणी केली, असे मनुची लिहितो. भावाने ते मानले नाही, पण तिचा मान कमी केला नाही. स्वतःच्या घरात राहणारी आणि कुणाच्या ताटाकडे न पाहणारी म्हातारी बहीण असे बोलू शकते. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहणारीला बोलण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

आपली कबर कुठे आणि कशी असावी हेही तिने जिवंतपणी ठरवून ठेवले. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारात तिने स्वतः ती जागा बांधून घेतली. ते औलियाही आयुष्यभर अविवाहित राहिले होते. वय ऐंशीच्या पुढे गेल्यावर, १३२५ मध्ये ते वारले, तोवर त्यांनी बहिणीच्या कुटुंबाला जीव लावला आणि त्यांच्या लंगरमध्ये रोज असंख्य लोक जेवत. ते स्वतः बहुतेक दिवस रोजे करीत. जहांआराच्या कबरीभोवती संगमरवराची जाळी आहे, पण वर छत नाही. कबरीचा दगड मधोमध कोरून त्यात माती भरलेली आहे आणि त्या मातीत गवत उगवते. शहाजहानच्या लेकीला मकबरा बांधणे अवघड नव्हते. तिला उघडे आकाश आणि गवत हवे होते, आणि तिची ही इच्छा उशाशी दगडावर कोरलेली आहे.

तिने आपली सगळी संपत्ती, तीन कोटी रुपये, या दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना द्यायचे मृत्युपत्र केले होते, पण औरंगजेबाने त्यातला एकच कोटी देऊ दिला, असे सांगतात. आकडा बाजूला ठेवला तरी त्यामागचा नियम खरा आहे. इस्लामी कायद्याप्रमाणे माणसाला मृत्युपत्राने आपल्या संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंतच वाटणी करता येते. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते. धडधाकट असताना हयातीत केलेल्या बक्षिसाला, म्हणजे हिब्याला, ही मर्यादा नाही. मूलबाळ नसलेल्या माणसाने हे वेळेवर जाणून घ्यायला हवे. तिची सेवा करणारी भाची किंवा शेजारीण एका बाजूला, आणि कायद्याने वारस ठरणारा भाऊ दुसऱ्या बाजूला, असे पुष्कळदा होते.

औरंगजेब दख्खनमध्ये उतरला आणि पुढची पंचवीस वर्षे महाराष्ट्राने काय भोगले, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. त्या छावणीत त्याचे घर सांभाळायला त्याची मुलगी होती, झीनत-उन-निसा. तीही अविवाहित. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि लहानगे शाहू कैद होऊन याच छावणीत आले. त्या लहान मुलावर या बेगमेने माया केली, ही गोष्ट मराठी इतिहासकारांनी आवर्जून नोंदवली आहे. १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला बाप वारला तोवर ती त्याच्याजवळ होती. पुढे दिल्लीला जाऊन ती १७२१ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी वारली. आत्यानंतर भाची, घर तेच आणि काम तेच.

आता आपल्या घरांकडे पाहू. बाप वारला की तलाठ्याकडे वारसनोंद होते, आणि महिन्या-दोन महिन्यांत बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. लग्न झालेली बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. लग्न न झालेली करते, कारण तिला त्याच घरात राहायचे असते. कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा दिला आहे, तो लग्न झालेले असो वा नसो. हिंदू वारसा कायद्याने २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. दोन्हीकडच्या बहिणी तो सोडून देतात आणि दोन्हीकडचे भाऊ तो घेतात. याबाबतीत आपल्या गावात हिंदू-मुसलमान असा काही भेद नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आईबापांसाठी आहे, एवढे बहुतेकांना माहीत असते. ज्यांना मूलबाळ नाही अशा वृद्धांनाही त्यात हक्क आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे वारसाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडून त्यांना निर्वाह मागता येतो. प्रांताधिकाऱ्यांपुढे त्याचा अर्ज करता येतो. पण बहीण भावावर अर्ज करील अशी वेळ कुणी आणू नये.

रमजान हा हिशेबाचा महिना आहे. वर्षभराची बचत मोजायची आणि जकात काढायची. गरजू बहिणीला, फुफीला, खालाला जकात देता येते. अनेक घरांतून ती देतात आणि चांगले करतात. पण बापाच्या घरातला तिचा हिस्सा आपल्याकडे राहिला असेल, तर तो जकातीत मोजता येणार नाही. तो तिचाच आहे. तो आधी तिच्या नावावर करावा, मग जकातीचा हिशेब करावा.

सतरा वर्षांच्या जहांआराच्या हाती शहाजहानने घर दिले तेव्हा त्याच्याबरोबर आईची निम्मी मालमत्ताही दिली होती. म्हणून सदुसष्टाव्या वर्षी, रमजानच्या तिसऱ्या दिवशी, ती स्वतःच्या घरात गेली. आज इफ्तारला दस्तरखान पसरेल, तेव्हा फळे चिरून देणाऱ्या हातांना आपण काय दिले आहे, एवढे प्रत्येकाने मनाशी मोजावे.